टाकातली बाई

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी पत्र पाठवून मला चांगला डॉक्टर सुचवायला नको. मी केमिस्ट्रीची बाई आहे. भानामती, अंगात येणं, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन निरोप सांगणं... या सगळ्याला मी आयुष्यभर हसत आले. सासूबाई अमावास्येला प्रवास करू नको म्हणायच्या, तेव्हा मी मुद्दाम त्याच दिवसाचं तिकीट काढायची. या सदरातले अनुभवसुद्धा मी चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचते. आणि तरी आज स्वतःच लिहायला बसले आहे, कारण जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या हाताने केलं, आणि इतक्या वर्षांत मला ते कुणालाही नीट समजावून सांगता आलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. विद्यापीठाने बुलढाण्याच्या एका कॉलेजात पुरावस्तू-जतनाचा छोटा अभ्यासक्रम सुरू केला होता. जुनी नाणी, मूर्ती, भांडी, हत्यारं पुढे गंजू-झिजू नयेत म्हणून काय करायचं — आणि त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही — ते शिकवायचं. तिथले कायमचे प्राध्यापक परदेशात प्रशिक्षणाला गेले होते. त्यांच्या रजेच्या जागेवर, शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, मी. नुकतंच शिक्षण संपलेलं, लग्न व्हायचं होतं, पुण्याबाहेर कधी राहिलेली नव्हते. खोलीच्या दारावर पाटी त्यांची, खुंटीला कोट त्यांचा, आणि शिपाई मला चहा द्यायचा तोही त्यांच्याच कपात. माझ्या नावाचं त्या खोलीत काहीही नव्हतं.

वर्ग लहान होता. पहिले काही दिवस मला त्यांची भाषा ऐकून हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. मुलीसुद्धा ‘मी येतो’, ‘मी करतो’ म्हणायच्या. मी ‘अय्या’ म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. अशा वर्गात एकच मुलगी कधी हसायची नाही — सुमन. राजूर घाट उतरला की खाली जे पहिलं गाव लागतं तिथून एसटीने यायची. घरी वांगी-मिरचीचा मळा. हुशार होती, पण चेहरा कायम बंद. विचारलं तेवढंच बोलायची.

दिवाळीनंतर मी प्रत्येकाला घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगितली. कुणी अडकित्ता आणला, कुणी पानदान, एकाने तर आजोबांची पाण्याची पखाल आणली आणि सगळी लॅब वास मारायला लागली. सुमन शेवटपर्यंत थांबली. सगळे गेल्यावर तिने रुमालातून एक टाक काढून माझ्यासमोर ठेवला.

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. टाक म्हणजे अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली देवाची किंवा घरातल्या गेलेल्या माणसाची उभी आकृती. पाठीमागच्या पोकळीत लाख भरतात, वर तांब्याचा पातळ तुकडा लावतात, आणि तो देव्हाऱ्यात पुजतात. एखाद्याची पहिली बायको वारली आणि त्याने दुसरं लग्न केलं, तर पहिलीचा टाक करतात. दुसरीने रोज आधी तिला हळदकुंकू लावायचं, मग स्वतःला. नवं लुगडं आलं तर आधी तिच्यापुढे ठेवायचं, मग नेसायचं.

“माह्या मायचा हाय,” सुमन म्हणाली. “मी झालो अन् ते गेली. फोटो नाई तिचा. एवढंच हाय.”

मी टाक खिडकीशी नेला. चांदी आरशासारखी लखलखीत, आणि आकृती जवळजवळ गेलेली. तिरप्या उजेडात धरलं की कळायचं : लुगडं नेसलेली बाई उभी आहे, एक हात बाजूला सरळ सोडलेला, दुसऱ्या हातात छातीशी फूल. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता गुळगुळीत गोळा.

“मावशीनं पुसलं तिचं तोंड,” सुमन म्हणाली. मावशी म्हणजे सावत्र आई, गंगाबाई. ही त्यांना आई कधीच म्हणाली नव्हती. “रोज चिंच अन् राख घेऊन घासते. इतकं कोणी घासते का? तिले तिचं तोंड पाह्यचं नाई. मॅडम, मले ते तोंड वापस आणून द्या.”

एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलली होती.

मी शिक्षिकेसारखं उत्तर दिलं. म्हटलं, झिजलेलं परत येत नाही, आपण फक्त उरलेलं राखतो. मग भिंग लावलं आणि जे दिसलं तेही सांगितलं. द्वेषाने घासलेली वस्तू वेगळी दिसते, तिच्यावर ओरखडे असतात. यावर एकही ओरखडा नव्हता. अंगठा कपाळावरून निघून गालांवरून हनुवटीपर्यंत यायचा, रोज त्याच वाटेने. आपण लहान मुलाचं तोंड धुतो ना, तसा.

पण सुमनला ते पटलं नव्हतं, हे मला कळत होतं.

मग मला पाठीमागची पोकळी आठवली. पत्रा पुढून झिजतो, पण मागची बाजू लाखेखाली सुरक्षित असते. स्पिरिटने लाख विरघळवून काढायची, पोकळीत बारीक प्लॅस्टर भरायचं, सुकलं की सोडवायचं, म्हणजे टाक नवा असताना आकृती कशी होती त्याचा ठसा मिळतो. टाकाला काही होत नाही, लाख पुन्हा भरता येते. मी हे बोलून गेले आणि सुमनचा चेहरा उजळला. वर्षभरात मी तो एकदाच तसा पाहिला.

पण ज्याची वस्तू, त्याची परवानगी हवी. हा आमच्या विषयाचा नियमच आहे. म्हणून एका रविवारी मी तिच्या गावी गेले.

एसटीतून उतरले तेव्हा सुमनच्या घराच्या उंबऱ्यात एक बाई उभी होती. उन्हं डोळ्यांवर येत होती म्हणून एक हात कपाळाशी आडवा धरलेला. सुमन सहज म्हणाली, “मावशी. मी कुठी गेलो का येईपर्यंत अशीच उभी राह्यते. लोकं हासतेत.”

गंगाबाई बारीक, काळ्या, हसऱ्या. पाट दिला, गूळ-शेंगदाणे पुढे केले, चहा झाला. सुमनचे वडील तुळशीरामभाऊ ओसरीवर मिरच्या निवडत होते, ते मान डोलवण्यापलीकडे बोलले नाहीत. मी टाकाचं काय करायचं आहे ते समजावून सांगितलं. सुमन मध्येच ताडकन म्हणाली, “तू पुसलं माह्या मायचं तोंड. आता मॅडम काढून देते.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गंगाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग त्या माझ्याकडे बघून, माफी मागितल्यासारख्या म्हणाल्या, “मोठीबाई मळकी दिसली तं लोकं काय म्हणतीन, बाई? दुसरी आली अन् पहिलीचे हाल केले म्हणतीन. म्हून मी रोज लख्ख ठेवतो. मले काय माहीत, घासून तोंड जाते म्हून.”

त्यांना मूल झालं नव्हतं. एवढ्याशा सुमनला कडेवर घेऊनच त्यांनी त्या घरातला पहिला स्वयंपाक केला होता, हे मला नंतर शेजारच्या वत्सलाबाईंनी सांगितलं. त्या दिवशी निघताना गंगाबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. मी कुणाच्या तरी रजेच्या जागेवर आहे, हे सुमनने त्यांना सांगितलेलं दिसत होतं.

“तुमीबी दुसऱ्याच्या जागेवर हाय म्हंतेत,” त्या म्हणाल्या.

“हो. पाटी त्यांचीच, काम माझं.”

त्या खळखळून हसल्या. “माहंबी तसंच समजा.”

टाक न्यायला त्यांनी परवानगी दिली. अट एकच. घरचा टाक दिवेलागणीला देव्हाऱ्यात पाहिजे. मोठीबाई बाहेर असताना सांजेचा दिवा लावायचा नाही, हा त्यांनी लग्न होऊन आल्यापासून पाळलेला नेम होता.

“दिवा लावाच्या आंधी आणजो वं, पोरी,” त्या सुमनला म्हणाल्या. “तिच्याबिगर दिवा नाई लावत मी.”

आम्ही ते काम केलं तो दिवस मार्गशीर्षातला. बुलढाण्याची थंडी ज्याने अनुभवली त्याला सांगायला नको, दुपारीसुद्धा लॅबमध्ये बोटं वळत नव्हती. आमच्या नियमाप्रमाणे मी आधी टाकाचे फोटो काढून घेतले. गावातल्या स्टुडिओवाल्याला बोलावलं, त्याने दिवा तिरपा धरून पुढून, मागून, बाजूने फोटो घेतले. लाख काढली, पोकळी साफ केली, दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेलं बारीक प्लॅस्टर कालवून भरलं. पहिला ठसा सोडवतानाच भुगा झाला. प्लॅस्टरला ओल लागली होती. नवं कालवलं, पण थंडीमुळे ते घट्टच होईना.

मी सुमनला म्हटलं, “आज असू दे. हे धुऊन काढते, तू टाक घेऊन जा. पुढच्या आठवड्यात पुन्हा करू.”

“नाई मॅडम. थांबतो मी.”

“अगं, घरी दिवा...”

“एक दिवस थांबला दिवा तं काय होते?”

तिची नेहमीची एसटी गेली. ती ठशासमोर हनुवटी टेकवून बसून राहिली. मुलं रांगोळीच्या स्पर्धेत निकालाची वाट बघत बसतात, तशी. खिडकीबाहेर ऊन पिवळं झालं, मग गेलं. झाडांवर पाखरांचा कालवा सुरू झाला तेव्हा मी नखाने टोचून पाहिलं, प्लॅस्टर धरलं होतं. टाक हळूच उलटा केला, ठसा तळहातावर सुटून आला. मी तो दिव्याखाली नेला.

चेहऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. ठशातल्या बाईचा एक हात वर उचललेला होता. कपाळाशी, आडवा. दुसरा हात छातीशी नव्हता, त्यात फूलही नव्हतं. तो बाजूला लांब केलेला होता, कशाला तरी धरल्यासारखा, पण तिथे धरायला काहीच नव्हतं.

मी भिंग लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल? की मी ठसा चुकीचा भरला. पण ठसा चुकला तर आकृती फुटते, बुडबुडे येतात. बुडबुड्याने कुणी हात वर करत नाही.

सुमन माझ्या खांद्यावरून बघत होती. ती अगदी हळू म्हणाली, “मॅडम... मावशी उभी राह्यते अशी.”

आणि मग ती एकदम घाबरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. टाक रुमालात गुंडाळला, चपला पायात धड अडकवल्याही नाहीत आणि धावत सुटली. तिला तशी एकटी जाऊ देणं मला जमेना, मीही मागोमाग गेले. स्टँडवर मोताळ्याची गाडी निघतच होती. घाटातल्या प्रत्येक वळणाला ती पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरत होती.

घरासमोर माणसं उभी होती. घरात अंधार होता. शेजारच्या घरातून कुणी कंदील आणला होता, त्याच्या उजेडात उंबऱ्याच्या आत गंगाबाईंना निजवलं होतं. अंगावर चादर होती. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

तुळशीरामभाऊ भिंतीला टेकून बसले होते. लेकीला पाहून म्हणाले, “दिवा लाव म्हटलं तिले. अंधार पडून राह्यला, थंडी हाय, आत चाल म्हटलं. आयकलंच नाई. म्हणे, सुमनी मोठीबाईले घेऊन येऊन राह्यली, आल्यावर लावतो.”

वत्सलाबाई पदर तोंडाला लावून सांगत होत्या, येणाऱ्या प्रत्येकाला, पुन्हा पुन्हा. “उभीच होती वं. एक हात डोयावर, अन् एका हातानं चौकट धरून. म्या इकडून हाक मारली तं बोलली नाई. मंग हातच सुटला चौकटीचा...”

चौकट! बाजूला लांब केलेला तो हात. ठसा माझ्या पर्समध्ये होता, कापसात गुंडाळून. तो मी त्या दिवशी कुणालाही दाखवला नाही. वत्सलाबाईंना मी विचारलंही, हे केव्हा झालं? त्या म्हणाल्या, पाखरं झाडावर बसून राह्यली होती तेव्हा.

सुमन रडली नाही. तिने टाक देव्हाऱ्यात ठेवला, वात वळली, दिवा लावला. मग गंगाबाईंच्या पायाशी जाऊन बसली आणि त्यांचे पाय दोन्ही हातांनी दाबत राहिली, थंडीने गारठलेल्या माणसाचे दाबावेत तसे. बायांनी उठवलं तरी उठेना. मला तिच्याकडे बघवेना.

तेरावं झाल्यावर सुमन टाक घेऊन पुन्हा आली. लाख भरून द्यायची राहिली होती. ती भरण्याआधी मी एकटीने दार लावून दुसरा ठसा घेतला. माझ्यातली केमिस्ट्रीची बाई गप्प बसायला तयार नव्हती. या वेळी नीट सुकवून, घाई न करता.

त्यात आली ती टाकावरची नेहमीची बाई. एक हात खाली सोडलेला, दुसऱ्यात फूल. स्टुडिओवाल्याच्या फोटोंत होती तशीच, तंतोतंत. मी दोन्ही ठसे शेजारी ठेवले. एकाच पोकळीतून निघालेल्या दोन वेगळ्या बाया! रुंदी, उंची, लुगड्याच्या निऱ्या, काठाला पडलेली एक बारीक चीर — सगळं जुळत होतं. फक्त हात जुळत नव्हते.

पण मला खरा धक्का बसला तो त्यामुळे नाही. दुसऱ्या ठशात चेहरा होता... म्हणजे नव्हता. गुळगुळीत गोळा, मध्ये नाकासाठी एक टिंब. बस. खामगावहून टाक आणला होता, तिथल्या सराफाकडे असे साचे असतात. देवीचा वेगळा, वीराचा वेगळा, सवाष्णीचा वेगळा. ज्याच्या घरची बाई गेली असेल त्याला सवाष्णीचा टाक काढून देतात. सगळ्यांना एकच. त्या साच्याला नाक-डोळे कधी कोरलेलेच नव्हते. टाक नवा होता त्या दिवशीसुद्धा त्यावर सुमनच्या आईचा चेहरा नव्हता.

हे तिला सांगावं की नाही, यावर मी सबंध दिवस घालवला. शेवटी सांगितलं. खोटं सांगून वस्तू राखता येत नाही, माणसंही नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं. आज विचाराल तर माहीत नाही.

सुमनने दुसरा ठसा हातात घेतला. तो गोळा अंगठ्याने चाचपला. कपाळावरून, गालांवरून, हनुवटीपर्यंत. ती काय करते आहे हे तिचं तिलाही कळत नसावं.

“म्हंजे काहीच नोतं इथं?”

“नव्हतं.”

“तिनं काहीच नोतं पुसलं.”

“नाही गं.”

मग मात्र ती रडली. लॅबच्या त्या थंड फरशीवर बसून, दोन्ही हातांत तोंड घालून, ‘माय वं, माय’ करत रडली. मीही तिच्याजवळ खाली बसले. दारावर कुणाची पाटी आहे आणि आत कोण बसलंय, याचा त्या वेळी मला पूर्ण विसर पडला होता.

परीक्षा झाल्या, प्राध्यापक परत आले, माझी जागा संपली. मी पुण्याला परतले, लग्न केलं, नोकऱ्या केल्या, निवृत्त झाले. हात वर केलेला ठसा सुमनने मागून घेतला होता. मधल्या काळात मी जाणकारांना विचारून पाहिलं, नावगाव न सांगता. एकाने सांगितलं, ओलं प्लॅस्टर खचलं असेल. दुसरा म्हणाला, तुम्ही त्या बाईंना तसं उभं पाहिलं होतं, म्हणून तुम्हाला तसं दिसलं. असेल. पण चौकट धरलेला हात मी पाहिलेला नव्हता. मी पाहिलं तेव्हा त्यांनी काहीच धरलं नव्हतं.

गेल्या वर्षी सुमनच्या नातीच्या लग्नाला गेले होते. आता ती मेहकरकडे असते, शाळेतून निवृत्त झाली, केस माझ्याहून पांढरे. तिच्या देव्हाऱ्यात टाक आहे, काळसर पडलेला. ती तो घासत नाही, मऊ कापडाने नुसता टिपते. शेजारी चांदीच्या छोट्या डबीत कापसावर तो ठसा. गंगाबाईंचा वेगळा टाक तिने केलाच नाही. साच्यातली बाई तिला नको होती.

संध्याकाळ झाली होती. नात पार्लरमधून यायची होती, जावई बाहेर होते. सुमनने कुणाचीही वाट न बघता दिवा लावला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली, “मी थांबत नाई, मॅडम. ज्याले यायचं त्याले अंधारात काऊन यायले लावा?”

मग तिने डबी उघडून माझ्या हातात दिली. तो हात अजून तसाच होता, कपाळाशी. हाताखाली चेहरा नव्हता. मी तिला इतक्या वर्षांचं मनात साठलेलं विचारलंच, “सुमन, तुला काय वाटतं, ही कोण? तुझी आई, की मावशी?”

तिने डबी परत घेतली, बंद केली, जागेवर ठेवली.

“ते मले नाई समजलं अजून,” ती म्हणाली. “माही वाट पाहून राह्यली, एवढंच समजते.”

मला तर तेवढंही समजलेलं नाही. जे पाहिलं ते लिहिलं आहे.